पडद्यावरचा कुणबी आणि खुर्चीतला कुणबी

गेल्या दोन वर्षांत मराठी माणसाने पाहावे असे बरेच बोलपट निघाले. शहरच्या मोठ्या पत्रांतून त्यांवर पुष्कळ लिहूनही आले. कोणी छायाचित्रणाची तारीफ केली, कोणी संगीताची, कोणी गल्ल्याचे आकडे छापले. परंतु नांगर धरणाऱ्याने, चाकावर मडके घडविणाऱ्याने, रंधा ओढणाऱ्याने आणि त्यांच्या घरच्या मायबहिणींनी हे बोलपट पाहून काय घ्यावे, हे सांगण्याच्या भानगडीत कोणी फारसे पडलेले दिसत नाही. ते काम एका खेड्यातील शाळामास्तराने करावे हे काहींना धारिष्ट्य वाटेल. वाटो बापडे. तिकिटाचे पैसे आम्ही आमच्या खिशातून भरले आहेत. तेव्हा मत देण्याचा हक्कही आमचाच आहे.

कोणत्याही वस्तूची पारख करावयाची तर हाती एक माप पाहिजे. ते शोधण्यास आम्हांस दूर जावे लागले नाही. जोतीराव फुले यांनी १८५५ साली 'तृतीय रत्न' या नावाचे एक नाटक लिहिले. त्यात राजा नाही, अप्सरा नाही. आहे तो एक कुणबी आणि त्याची गरोदर बायको. जोशी दारी येतो, ग्रहांची भीती घालतो आणि जपजाप्य व ब्राह्मणभोजन यांच्या खर्चापायी ते भाबडे जोडपे कर्जात बुडते. पुढे त्यांचे डोळे उघडतात आणि नवरा-बायको दोघेही जोतीराव व सावित्रीबाई यांच्या रात्रीच्या शाळेत जाण्याचे ठरवितात. दक्षिणा प्राइझ कमिटीने या नाटकास आश्रय दिला नाही. तो का दिला नाही, हे वाचकांस सांगावयास नको.

या नाटकातला कुणबी आरंभी फसतो, मूर्खपणाही करतो. परंतु नाटककार त्याला हसण्यावारी नेत नाही आणि त्याच्या वतीने दुसऱ्या कोणास लढावयासही लावीत नाही. शेवटचे पाऊल तो स्वतः टाकतो आणि बायकोला बरोबर घेऊन टाकतो. आमचे माप हेच. बोलपटात कष्ट करणारा माणूस आहे काय? असल्यास तो गर्दीत ओरडण्यापुरता आहे, की स्वतःच्या डोक्याने विचार करणारा आहे? आणि खेळ संपताना तो कोठे चालला आहे? या मापाने एकेक बोलपट मोजू.

सर्वांनी पाहिला तो आधी घेऊ. शिवाजी सावंत यांच्या कादंबरीवरून लक्ष्मण उतेकर यांनी केलेला 'छावा' हा हिंदी बोलपट १४ फेब्रुवारी २०२५ रोजी लागला आणि त्याने शेकडो कोटींचा गल्ला केला. विकी कौशल यांनी संभाजी महाराजांचे काम जीव ओतून केले आहे, यात वाद नाही. शेवटच्या छळाच्या प्रसंगी चित्रपटगृहात हुंदके ऐकू येत होते आणि ते हुंदके खोटे नव्हते. परंतु या बोलपटावर वाद झाले ते कशाचे? तो लागण्यापूर्वी महाराजांना लेझीम खेळताना दाखविले म्हणून गिल्ला झाला व तो भाग काढून टाकण्यात आला. लागल्यावर शिर्क्यांच्या वंशजांनी आपल्या पूर्वजांची बदनामी झाली म्हणून हरकत घेतली. राजाने लेझीम खेळावे की नाही आणि फितुरी कोणाच्या पूर्वजाने केली, यावर सगळा महाराष्ट्र बोलत होता. यात रयत कोठे आहे, असे विचारणारा मात्र आम्हांस कोणी भेटला नाही.

खुद्द शिवाजी महाराजांनी चिपळूणकडील आपल्या लष्कराच्या अंमलदारांना पत्र लिहून ताकीद दिली होती की कुणब्यांच्या घरचे दाणे, गवत, लाकूडफाटा, भाजी जबरीने आणू नका. तसे कराल तर तुमच्यापेक्षा मोगल बरे असे रयत म्हणेल. हे राज्य आम्हांस आपले का वाटते, त्याचे उत्तर या पत्रात आहे. 'छावा'त तलवार पुष्कळ चमकते. पण ज्याच्या दाण्यावर ती तलवार उभी होती तो कुणबी आम्हांस धडपणे कोठे दिसला नाही. आणखी एक गोष्ट स्पष्ट लिहितो. आमच्या कळव्याच्या पुढचे स्थानक मुंब्रा. सकाळच्या लोकलला कळव्याचा आगरी आणि मुंब्र्याचा मुसलमान कारागीर एकाच दांडीला लोंबकळून मुंबईस पोट भरावयास जातात. तीनशे वर्षांपूर्वीच्या बादशहाचा राग त्या शेजाऱ्यावर काढावा, असे ज्याला खेळ पाहून वाटले त्याला संभाजी महाराज समजले नाहीत. पूर्वजांचा अभिमान असावा, पण त्याने पोरांचे डोके पेटण्याऐवजी मान ताठ व्हावी.

आता पूर्वजांपैकीच दुसऱ्यांचा बोलपट पाहू. या पूर्वजाच्या हाती तलवार नव्हती, पाटी होती. जोतीरावांवर या दोन वर्षांत दोन बोलपट निघाले. नीलेश जळमकर यांचा मराठी 'सत्यशोधक' ५ जानेवारी २०२४ रोजी आला. त्यात संदीप कुलकर्णी जोतीराव आणि राजश्री देशपांडे सावित्रीबाई झाली. राज्य सरकारने त्यास करमाफी दिली, हे चांगले केले. दुसरा अनंत महादेवन यांचा हिंदी 'फुले'. प्रतीक गांधी व पत्रलेखा यांची कामे असलेला हा खेळ जोतीरावांच्या जयंतीस, म्हणजे ११ एप्रिल २०२५ रोजी लागावयाचा होता. काही ब्राह्मण संघटनांनी हरकत घेतली, तारीख पुढे गेली आणि तो २५ एप्रिल रोजी लागला. मध्यंतरी परीनिरीक्षण मंडळाने त्यातील 'महार', 'मांग', 'पेशवाई' हे शब्द काढावयास लावले आणि गुलामगिरीच्या तीन हजार वर्षांचा स्पष्ट उल्लेखही मोघम करावयास लावला, असे त्या वेळी सर्व पत्रांतून प्रसिद्ध झाले.

आम्ही शाळेत मुलांना खरजेचा धडा शिकवितो. त्यात खरूज हा शब्द घाणेरडा दिसतो म्हणून तो गाळून धडा शिकवा असे कोणी आम्हांस सांगितले, तर आम्ही काय शिकवावे? ज्या मुलांना शाळेच्या पायरीवर चढू दिले जात नव्हते त्यांच्या जातीचे नावच घ्यावयाचे नाही, ज्या अमलात त्यांच्यावर निर्बंध होते त्या अमलाचेही नाव घ्यावयाचे नाही, मग जोतीराव लढले ते कोणाशी? वाऱ्याशी? हरकत घेणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावयास हवे होते की १८४८ साली मुलींच्या शाळेला पुण्यात जागा मिळाली ती तात्यासाहेब भिडे यांच्या वाड्यात. जोतीरावांचे वैर ब्राह्मण्याशी होते, माणसाशी नव्हते. सगळा इतिहास जसाच्या तसा दाखविला असता तर त्यात भिड्यांचाही मान राहिला असता.

तथापि हे दोन्ही खेळ आपले म्हणून त्यांचे सर्वच चांगले, असे आम्ही म्हणणार नाही. त्यांत माणसे बोलतात कमी आणि व्याख्याने देतात जास्त. पाठ्यपुस्तकाची पाने उलटल्यासारखे प्रसंग एकामागून एक येतात. मुलींच्या शाळेचा भाग भरपूर आहे. पण १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' पुरा करणारे, पाटबंधारे, कर्ज, गुरेढोरे, जंगलखाते यांचा बारीक विचार करणारे जोतीराव आम्हांस त्यात थोडके वाटले. आमच्या वाचकांना तेच जोतीराव अधिक कामाचे. तरी पोरांना घेऊन हे खेळ पाहावे, आणि घरी आल्यावर गाळलेले शब्द आपण आपल्या तोंडाने पोरांना सांगावे.

येथवर झाले ते गेलेल्या पिढ्यांचे. आता जिवंत माणसांकडे वळू. आमच्या मते शेतकऱ्याच्या घरचा, या दोन वर्षांतला सर्वांत खरा बोलपट म्हणजे जयंत सोमलकर यांचा 'स्थळ'. चंद्रपूर जिल्ह्यातील डोंगरगाव हे दिग्दर्शकाचे स्वतःचे गाव. तेथेच तो घडतो, आणि त्यात कामे करणारी माणसेही त्याच मुलखातली, नटाचा धंदा न करणारी. २०२३ साली कॅनडातील टोरोंटोच्या महोत्सवात त्याला पारितोषिक मिळाले. आपल्याकडे तो ७ मार्च २०२५ रोजी लागला.

गोष्ट अगदी लहान. कापूस पिकविणाऱ्या शेतकऱ्याची सविता नावाची मुलगी शिकते आहे. तिला परीक्षा देऊन नोकरी करावयाची आहे. बापाला तिचे लग्न करून मोकळे व्हावयाचे आहे. पाहुणे येतात. मुलगी साडी नेसून मधोमध स्टुलावर बसते. भोवती पुरुषच पुरुष. नाव काय, शिक्षण किती, उंची किती, असे तेच ते प्रश्न. पाहुणे पोहे खाऊन, चहा पिऊन निघून जातात आणि मागून निरोप येतो: रंग सावळा, उंची कमी. पुन्हा दुसरे पाहुणे, पुन्हा तेच स्टूल. खेळाच्या आरंभीच हा देखावा उलटा करून दाखविला आहे. तेथे मुलगा स्टुलावर बसलेला आणि प्रश्न विचारणाऱ्या बाया. तो पाहून चित्रपटगृहातले पुरुष मोठ्याने हसले. पुढे तेच प्रश्न सवितेला विचारले गेले तेव्हा कोणी हसले नाही, आणि तिसऱ्या खेपेस तर लोक खुर्चीत चुळबुळू लागले.

या बोलपटात दुष्ट माणूस कोणी नाही, आणि म्हणूनच तो मनाला टोचतो. सावकार नाही, भटजी नाही, पाटील नाही. बाप कष्टाळू आहे, लेकीवर त्याची माया आहे. कापसाला भाव नाही म्हणून तो हवालदिल आहे आणि हुंड्याच्या काळजीने वाकला आहे. पाहुणेही आपल्यासारखेच शेतकरी. म्हणजे पोरीला स्टुलावर बसविणारे हात आपलेच आहेत. बाजारात व्यापारी आपल्या कापसाची बोंडे चिमटीत धरून, नाक मुरडून, भाव पाडतो तेव्हा आपला संताप होतो. तोच शेतकरी दुसऱ्या शेतकऱ्याच्या पोरीकडे पाहून तसेच नाक मुरडतो. व्यापाऱ्याला शिव्या देण्याचा हक्क आपणांस ठेवावयाचा असेल, तर आधी हे बंद झाले पाहिजे.

विदर्भातली गोष्ट, आमच्याकडे असे नसते, असे कोणी ठाणे-रायगडकडचा वाचक म्हणेल. आमच्या आगरी-कोळी वस्तीत हुंड्याचा तसा जाच नसेल. पण हळदीच्या रात्रीचा मांडव, कर्णे, मटणाची पंगत आणि मानपान यांवर जमिनीचा आलेला पैसा कसा वाहून गेला, हे प्रत्येक घराला ठाऊक आहे. आणि पोरीचे म्हणाल तर शाळेच्या हजेरीपटाला विचारा. दहावीपर्यंत पहिल्या पाचांत येणारी मुलगी अकरावीला दिसत नाही. चौकशी केली की बाप म्हणतो, "गुरुजी, चांगले स्थळ आले होते." चांगले म्हणजे काय, तर घर पक्के आणि मुलाची रिक्षा स्वतःची. मुलीच्या डोक्यात काय होते, ते कोणी विचारलेले नसते.

याच हळदीच्या मांडवात 'सैराट'ची गाणी अजून वाजतात. नागराज मंजुळे यांचा तो बोलपट २०१६ साली आला आणि शंभर कोटींचा गल्ला करणारा पहिला मराठी बोलपट ठरला. त्याचा शेवट ज्याने पाहिला आहे त्याला त्या लहान पोराची रक्ताने भरलेली पावले विसरता येणार नाहीत. जातीबाहेर लग्न केले म्हणून पोरीच्या भावकीने दोघांना कापून काढले. आपण शेवट टाकून दिला आणि गाणी तेवढी ठेवून घेतली. दिग्दर्शकाने आपले काम चोख केले होते. कमी पडलो ते आपण, खुर्चीत बसलेले.

आता एक आनंदाचा खेळ सांगतो. शिवराज वायचळ यांचा 'आता थांबायचं नाय' हा बोलपट १ मे २०२५ रोजी, म्हणजे कामगार दिनी लागला. मुंबई महानगरपालिकेत रस्ते झाडणारे, गटारे उपसणारे चतुर्थ श्रेणीचे कामगार रात्रशाळेत जाऊन दहावी झाले, या खऱ्या हकिगतीवरून तो घेतला आहे. भरत जाधव, सिद्धार्थ जाधव यांच्यासारखे नट आहेत, तेव्हा हसू पुष्कळ. पण ते हसू कामगाराच्या घाणीवर किंवा बोलीवर नाही. दिवसभर कचरा उचलून आलेला प्रौढ माणूस रात्री बाकावर बसतो, बीजगणित पाहून घाबरतो, घरी स्वतःच्या मुलाकडून अभ्यास समजून घेताना लाजतो. हे प्रसंग लिहिणाऱ्याने वर्ग जवळून पाहिला असला पाहिजे. ओम भूतकर यांचा मास्तरही खरा वाटतो. तो ओरडतो, कंटाळतो आणि पुन्हा खडू हातात घेतो.

आमचे माप येथे बहुतेक पुरते. 'तृतीय रत्ना'तले जोडपे जेथे जावयास निघाले होते त्या रात्रीच्या शाळेत हे कामगार पोचले आहेत. जोतीरावांनी व सावित्रीबाईंनी ती शाळा काढली १८५५ साली. म्हणजे पाऊणदोनशे वर्षे होत आली, आणि अजून माणसाला रात्रीच शिकावे लागते. एक उणे मात्र नोंदवितो. कामगारांना शिकण्याची बुद्धी होते ती एका भल्या अधिकाऱ्याने मनावर घेतल्यामुळे. खऱ्या हकिगतीतही तसेच घडले असल्यामुळे दिग्दर्शकाकडे बोट दाखविता येत नाही. पण भला अधिकारी बदलून गेला की काय, हा प्रश्न राहतोच. ज्यांच्या आळीत असा अधिकारी नाही त्यांनी त्याची वाट पाहू नये. चार जणांनी मिळून मास्तर गाठावा.

या उलट 'दशावतार'. सुबोध खानोलकर यांचा हा बोलपट १२ सप्टेंबर २०२५ रोजी लागला आणि फार चालला. दिलीप प्रभावळकर यांनी बाबुली मेस्त्री हा कोकणातला म्हातारा दशावतारी उभा केला आहे. त्यांच्या वयाला हे काम म्हणजे चमत्कारच. डोळे अधू झालेले, मुलगा सांगतो की आता पुरे, तरी रंग लावल्यावाचून ज्याला चैन नाही अशा कलावंताचे मन त्यांनी उघडे करून दाखविले. गावाच्या उरावर खाणीचा धंदा येतो, तो भाग आमच्या पोटात कालवाकालव करून गेला. आमचा पारसिकचा डोंगर दगडाच्या खाणींनी कसा पोखरला, हे आम्ही लहानपणापासून पाहत आलो आहो.

परंतु पुढे काय होते? म्हातारा एकेका अवताराचे सोंग घेऊन दुष्टांचा समाचार घेतो. पडद्यावर ते शोभते, लोक टाळ्या वाजवितात. पण आम्ही वाचकांस विचारतो, तुमच्या गावी खाण आली तेव्हा कोणता अवतार आला? ग्रामसभा भरली काय? ठरावाची नक्कल कोणी मागितली काय? सातबारा कोणी तपासला काय? अवताराची वाट पाहणे ही आपली जुनी खोड, आणि हा खेळ ती खोड कुरवाळतो. बाबुलीचे काम पाहण्यास जरूर जावे; त्याचा उपाय मात्र चित्रपटगृहातच ठेवून यावा.

'साबर बोंडं' या बोलपटाचे नाव आमच्या वाचकांपैकी थोड्यांनी ऐकले असेल. रोहन कानवडे यांच्या या बोलपटाला २०२५ साली अमेरिकेतील सनडान्स महोत्सवात परदेशी कथापटांचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले आणि त्याच सप्टेंबरात तो आपल्याकडे लागला. बापाच्या दहाव्यापर्यंतच्या सुतकासाठी मुंबईहून गावी आलेला मुलगा आणि गावात राहिलेला त्याचा बालमित्र यांची ही गोष्ट. पुरुषाचे पुरुषावर प्रेम, असा विषय ऐकून काहींनी नाक मुरडले. आम्ही एवढेच म्हणतो की त्यातली न शिकलेली आई आपल्या लेकराला समजून घेते, भावकीचे टोमणे स्वतःवर घेते. अशा आया आपल्या घरांत आहेत. पडद्यावर त्या क्वचित येतात.

शेवटचा आमच्या धंद्याचा. हेमंत ढोमे यांचा 'क्रांतिज्योती विद्यालय मराठी माध्यम' १ जानेवारी २०२६ रोजी लागला. मराठी शाळा बंद पडावयास आली म्हणून हेडमास्तर झालेले सचिन खेडेकर आणि त्यांचे जुने विद्यार्थी कंबर कसतात, अशी गोष्ट. बोलपट गोड आहे, शाळेच्या दिवसांची आठवण देऊन डोळे ओले करतो. पण डोळे ओले करून बाहेर आलेले आईबाप आपल्या पोराला दुसऱ्या दिवशी कोठल्या गाडीत बसवितात? पिवळ्या. आमच्या शाळेच्या ओट्यावरून ती पिवळी गाडी रोज जाताना दिसते. फी भरण्यासाठी कोणी म्हैस विकली आहे, कोणी पतपेढीचे कर्ज काढले आहे, आणि घरी पोराला अभ्यासात काय अडते ते आईला वाचता येत नाही. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा कराव्या, असा विचार शासनाने २०२३ साली पुढे आणला. त्याविरुद्ध आम्ही मास्तरांनी ओरड केली, ती योग्यच होती. परंतु पट कमी झाला तो एकट्या शासनाने केला नाही. बोलपटातली शाळा जुन्या विद्यार्थ्यांच्या पैशाने व मायेने वाचविता येते. गावची शाळा त्याच गावच्या पोरांनी भरली तरच वाचते. मास्तरानेही तेथे नीट शिकविले पाहिजे, हे आईबापांचे म्हणणे आम्हांस कबूल आहे. त्यांनी वर्गात येऊन बसावे, वही तपासावी, चुकले तेथे जाब विचारावा. पण आधी पोर तर पाठवावे.

आता कोणी म्हणेल, मास्तर, कष्टकऱ्याचा बोलपट ही नवी टूम दिसते. नव्हे. ती मराठी बोलपटाच्या पायातच आहे. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर मूळचे मेस्त्री, कारागिराच्या घरचे. त्यांनी व त्यांचे बंधू आनंदराव यांनी चित्रे घेण्याचे यंत्र स्वतः घडविण्याचा ध्यास घेतला आणि बाबूरावांनी ते तडीस नेले. १९२५ साली बाबूरावांनी 'सावकारी पाश' हा मूकपट काढला. सावकाराच्या लबाडीने जमीन गेलेला शेतकरी शहरात जाऊन गिरणीचा मजूर होतो, ही त्याची गोष्ट. त्या तरुण शेतकऱ्याचे काम व्ही. शांताराम यांनी केले होते. शंभर वर्षे झाली. कळव्याची भातशेती गेली, मिठागरे गेली, ज्या मफतलालच्या कारखान्यावर पोट होते तोही बंद पडला. पण ती गोष्ट अजून जुनी झालेली नाही. अलिबागेकडे चरीच्या कुळांनी खोतांविरुद्ध १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे जमिनी पडीक ठेवून नारायण नागू पाटील यांच्या पुढारीपणाखाली संप केला. त्या कुळांच्या चुली विझल्या पण संप मोडला नाही. लढाईच्या एखाद्या मोठ्या हिंदी खेळाला लागतात त्याच्या दहाव्या हिश्शाच्या खर्चात या संपाचा बोलपट होईल, आणि त्यात रयतेला गर्दीत उभे राहावे लागणार नाही.

मग असे बोलपट कमी का चालतात? एक कारण पैशाचे. कळव्याच्या माणसाला खाडीचा पूल ओलांडून ठाण्यास जावे लागते. तेथील मोठ्या थेटरांत चार माणसांचे तिकीट हजार रुपयांच्या घरात जाते. शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावर शेकडा ५ आणि त्यावरील तिकिटावर शेकडा १८ असा कर आहे. शंभरातले तिकीट तेथे मिळते कोठे? शिवाय मराठी खेळाची वेळ सकाळची, मजूर कामावर असतानाची. मराठी बोलपट दुपारी १२ ते रात्री ९ या वेळेत लावावा, असे सरकारने २०१५ साली ठरविले होते. तरी जुलै २०२५ मध्ये नव्या हिंदी खेळासाठी मराठी खेळ उतरविल्याची तक्रार पुन्हा झालीच. ही अडचण खरी. पण तीच एक अडचण असती तर 'छावा'लाही लोक गेले नसते. तेथे गेलो, कारण तेथे आपली स्तुती होती. 'स्थळ'ला गेलो नाही, कारण तेथे आपला आरसा होता. हे आपण एकदा स्वतःशी मान्य करू या.

म्हणून वाचकांस आमच्या सूचना अशा:

(१) वर्षात चार खेळ पाहावयाचे ठरविले असेल तर दोन पूर्वजांचे पाहा, दोन आपले पाहा. पैसे जातात तिकडे बोलपट काढणाऱ्याचे लक्ष जाते. आपला खेळ पहिल्या आठवड्यात रिकामा राहिला की दुसऱ्या आठवड्यात तो उतरतो.

(२) एकट्याने जाऊ नका. आळीतल्या वीस-पंचवीस जणांनी मिळून जावे. बायांना घरी ठेवून पुरुषांनी 'स्थळ' पाहणे म्हणजे रोग्याला घरी ठेवून वैद्याकडे जाणे होय.

(३) सत्यशोधकांचे जलसे गावोगाव जात, माणूस जलशाकडे जात नसे. तंबूतले बोलपट जत्रेत येत. आज पडदा व यंत्र भाड्याने मिळते. बोलपटाच्या मालकाची रीतसर परवानगी काढून सुगीनंतर शाळेच्या पटांगणात एखादा चांगला खेळ लावावा. हळदीच्या रात्रीच्या कर्ण्याच्या भाड्यात तो सहज होईल.

(४) खेळ संपल्यावर लगेच उठू नका. पोरांना विचारा, यात कोण चुकले? पोरीला विचारा, तुला काय वाटले? तिने उत्तर दिले तर मधेच तोडू नका.

यातली चौथी सूचना सर्वांत स्वस्त आणि आमच्या अनुभवाने सर्वांत अवघड आहे. बाप समोर बसला म्हणजे चुणचुणीत मुलीचेही तोंड मिटते. तेव्हा सुरवात बापानेच करावी. सवितेच्या जागी तू असतीस तर पाहुण्यांना काय विचारले असतेस, एवढेच विचारावे आणि गप्प बसून ऐकावे. जी उत्तरे येतील त्यांवर पुढल्या स्थळाचा विचार करावा. आणि परीक्षा जवळ असेल तर पाहुण्यांना सांगावे की मुलगी अभ्यासात आहे, परीक्षा झाल्यावर तिला विचारून कळवू.

— एक शाळामास्तर, कळवे